भरलेलं नाय, दडलेलं हाय

कॉम्प्युटर बिघडला म्हणून बोलावलं की टीचर आधी माऊसला हात लावत नसत. टेबलाखालच्या डब्यावर दोन्ही तळवे ठेवायच्या आणि तशाच वाकून थोडा वेळ उभ्या राहायच्या. आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तसं. मग ओढणी कमरेला खोचायच्या, खुर्चीत बसायच्या आणि पडद्यावरची, डिस्क भरल्याची लाल पट्टी बघून मान हलवायच्या. "भरलेलं नाय, दडलेलं हाय."

हे वाक्य मी पाच वर्षांत किती वेळा ऐकलं असेल सांगता येणार नाही. आमच्या कारखान्यात तर ते थट्टेचं वाक्य झालं होतं. कॅन्टीनमध्ये कुणी पोट धरून बसलं तरी म्हणायचे, "भरलेलं नाय, दडलेलं हाय."

त्यांचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. बोईसरमध्ये त्यांना नावानं कुणी ओळखतही नसे. पूर्वी त्यांचा स्टेशनजवळ कॉम्प्युटरचा क्लास होता, त्यामुळे सगळे टीचर म्हणत. घरोघरी मोबाईल आले, क्लासला पोरं येईनात, तेव्हा त्यांनी तो बंद केला आणि खांद्याला कापडी पिशवी लावून लहान लहान कंपन्यांतले कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागल्या. पन्नाशीच्या होत्या. लग्न केलं नव्हतं. माहेर म्हणा, घर म्हणा, मासवणच्या पलीकडच्या एका गावात होतं, तिथं भाऊ-भावजय. या मात्र बोईसरला एका खोलीत एकट्या राहायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा नंबर सगळ्यांकडे असतो, आणि सगळे कामापुरता लावतात.

मी कराडकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला. बायको-मुलं गावी, मी इथं. एकदा आमच्या मशीनला जोडलेला कॉम्प्युटर अडून बसला. डिस्क भरली, नवीन रिपोर्ट साठवणार नाही, म्हणाला. दुसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला येणार होती आणि त्यांना वर्षभराचे रिपोर्ट त्याच मशीनवर उघडून दाखवायचे होते. नेहमीचा दुरुस्तीवाला म्हणाला, डिस्क बदला, दोन दिवस लागतील. कुणीतरी म्हणालं, टीचरांना फोन करा.

त्या आल्या, पण गेटवरच अडकल्या. वॉचमन म्हणाला, "मॅडम, बेचनेवालों की एंट्री बंद है."

"मैं बेचने नहीं, ढूँढने आई हूँ," टीचर म्हणाल्या. वॉचमन इतका गोंधळला की त्यानं रजिस्टरमध्ये 'कामाचं स्वरूप' या रकान्यात खरोखरच 'ढूँढना' असं लिहिलं.

तळवे ठेवून झाले, वाक्य म्हणून झालं. मग मला शेजारी बसवलं. "ही डिस्क कितीची घेतली होती?"

"पाचशे जीबीची."

"आणि दाखवतो चारशे पासष्ट. मग पस्तीस कुठं गेले?"

"चोरीला?" मी म्हटलं.

त्या हसल्या. "कोणी चोरले नाय. डिस्क बनवणारा हजाराला हजार मोजतो. कॉम्प्युटर एक हजार चोवीसला हजार म्हणतो. माप वेगळं, माल तेवढाच. ते पस्तीस सोडा, ते कधी नव्हतेच. आता दिसणाऱ्या सगळ्या फायली मोजा. किती?"

मोजल्या. तीनशेच्या आत भरल्या.

"म्हणजे दीडशेच्या वर हाय, पण दिसत नाय. ते बघायचं." त्यांनी कुठलीशी खिडकी उघडून 'लपवलेलं दाखवा' यावर खूण केली. पडद्यावर फिकट रंगाचे फोल्डर उगवले. एकेक उघडत, आकार बघत त्या आत आत शिरत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. तिथं एकच फाईल होती, भलीमोठी. उघडली तर एकच ओळ, पुन्हा पुन्हा, खाली कितीही गेलं तरी तीच. प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर सापडत नाही.

आमचा जुना प्रिंटर तीन वर्षांपूर्वी भंगारात गेला होता. मशीनच्या सॉफ्टवेअरला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

"बघा," टीचर म्हणाल्या, "तीन वर्षं हा दर घडीला त्याला हाका मारतोय. ओ कोणी दिली नाय, म्हणून लिहून ठेवतोय." मग माझ्याकडे वळल्या. "पुसू?"

मी मान हलवली.

"मान नको. तोंडानं बोला."

"पुसा."

त्यांनी पिशवीतून वही काढली. तारीख, मशीन, काय पुसलं, कुणी सांगितलं. माझं नाव आणि नंबर लिहून घेतला आणि मगच बटण दाबलं. लाल पट्टी निळी झाली. दुसऱ्या दिवशीची तपासणी निभावली. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्यांनी आमच्याकडे यायचं ठरलं.

हा 'तोंडानं बोला' प्रकार फार कडक होता. खुद्द मालकांच्या केबिनमध्येही त्यांनी तो सोडला नाही. मालकांच्या कॉम्प्युटरवर 'उत्पादन जुने' नावाच्या फोल्डरमध्ये चाळीसेक सिनेमे निघाले. टीचरांचा चेहरा अगदी गंभीर. "साहेब, हे उत्पादन आपल्याकडचं नाय दिसत. ठेवू?" मालक कानापर्यंत लाल झाले. "पुसा, पुसा." टीचरांनी वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मालकांनी विचारलं नाही.

एकदा प्रयोगशाळेच्या मशीनवर 'न्यू फोल्डर तीन' सापडला. आमचे जुने केमिस्ट, निवृत्त होऊन पालघरला राहायला गेलेले, त्यांच्या निरोपसमारंभाचे फोटो. मी म्हटलं, "जाऊ दे, उडवा."

"तुमचे हायत का?"

"नाही, पण..."

"मग त्यांना फोन लावा."

लावला. ते गृहस्थ अर्धा तास बोलले. दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः आले, सगळ्या खात्यांतून फिरले, कॅन्टीनमध्ये दोन समोसे खाल्ले आणि जाताना मला म्हणाले, "बरं झालं बोलावलंस रे." मी कशाला बोलावतोय. पण तसं म्हटलं नाही.

टीचर दुपारी कॅन्टीनच्या टोकाच्या बाकावर डबा उघडायच्या. तांदळाची भाकर आणि वालाची भाजी, बहुतेक वेळा हेच. मी एकदा समोर जाऊन बसलो तर त्या जरा अवघडल्या. "एकटं जेवायची सवय हाय. समोर कोणी बसलं की घास मोठा होतो." तरी पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःच समोरची जागा पुसून ठेवली. मग ते आमचं ठरूनच गेलं. त्या विचारायच्या, "काल काय केलंत जेवायला?" मी म्हणायचो, खिचडी. "परवा?" खिचडी. "तुमी पण आमच्यातलेच," म्हणायच्या.

अशाच एका दुपारी मी विचारलं, "टीचर, एवढं विचारून विचारून पुसता. एखाद्या वेळी चुकून काही उडवलंत की काय?"

त्यांनी हातातली भाकर डब्यात ठेवली. मला वाटलं, उगाच विचारलं.

"उडवलं ना," त्या म्हणाल्या. मग सावकाश सांगितलं.

क्लास जोरात होता तेव्हाची गोष्ट. पालघरचे एक निवृत्त मास्तर त्यांचा कॉम्प्युटर घेऊन आले. डिस्क भरली होती. टीचर घाईत होत्या, आणि त्यांच्याच शब्दांत, "तेव्हा मला फार येत होतं." एका फोल्डरमध्ये नुसत्या नंबरांच्या फायली होत्या, नाव नाही, गाव नाही. कुठल्यातरी मीटिंगची रेकॉर्डिंग असतील म्हणून त्यांनी ती उडवली. जागा झाली, वर नवीन सिस्टीम टाकली, कॉम्प्युटर परत दिला. त्या फायली म्हणजे मास्तरांनी दहा वर्षं आजूबाजूच्या पाड्यांवर हिंडून घेतलेली म्हाताऱ्या बायकांची गाणी होती. लग्नातली, भातलावणीच्या वेळची, मूल निजवायची. दुसरी प्रत नव्हती.

"पुसलेलं लगेच जात नाय," टीचर म्हणाल्या. "तिथंच पडून असतं. वर दुसरं लिहिलं की जातं. आणि मी लिहिलं होतं. पंधरा दिवस काढायचा प्रयत्न केला. नुसती खरखर निघाली."

"मास्तर काय म्हणाले?"

"काय नाय. चहा दिला मला. ओरडले असते तर बरं झालं असतं."

मास्तरांकडून त्यांनी बायकांची नावं आणि पाडे लिहून घेतले, एक चांगला रेकॉर्डर विकत घेतला आणि दर रविवारी निघायला लागल्या. एकवीस नावं होती. चौघी वारल्या होत्या. एकीचा आवाज गेला होता, ती नुसती टाळ्या वाजवून चाल दाखवायची. बाकीच्यांची गाणी दोन वर्षांत मिळाली. मास्तरांकडे नेऊन दिली. त्यांनी डोळे मिटून सगळी ऐकली आणि एका ठिकाणी म्हणाले, "ही तीच. पण आता मधे दम घेते." वर्षभरात मास्तरही गेले.

"मग आता संपलं ना ते काम?"

"काम संपलं. पण त्या वाट बघतात. आता गाणं नको म्हणतात, नुसती बस म्हणतात." मग त्यांनी डबा बंद केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "येता का एखाद्या रविवारी? मासवणला उतरायचं, तिथून चालत."

मी म्हटलं, "बघू."

रविवारी मी कपडे धुवायचो. मग झोपायचो. संध्याकाळी घरी फोन. दुसरं काहीच नसायचं हे मी तेव्हाही जाणून होतो. त्यांनी आणखी दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा 'बघू' म्हटलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. समोरची जागा मात्र पुसून ठेवत राहिल्या.

गेल्या वर्षी एका महिन्यात, त्या यायच्या दिवशी, त्यांचा फोन आला. "ताप हाय. पुढच्या आठवड्यात येते." पुढचा आठवडा गेला. मधेच कंपनीनं सगळ्या कॉम्प्युटरचं काम वसईच्या एका एजन्सीला दिलं. त्यांची टी-शर्ट घातलेली माणसं यायला लागली. ती न विचारता पुसतात आणि लवकर जातात. मी मनात म्हणत होतो की टीचरांना फोन करून सांगायला हवं, पण हे कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून लांबवत गेलो. दीड महिन्यानं लावला तेव्हा फोन बंद होता.

मग एक दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी टीचरचा भाऊस बोलतो. तिच्या वहीत तुमचा नंबर हाय."

त्या जाऊन तेव्हा महिना झाला होता. ताप साधा नव्हता. पालघरच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. भाऊ फार बोलणारा नव्हता. मग म्हणाला, "तिचा कॉम्प्युटर आणलाय इकडं. माझी बायको अंगणवाडीत हाय, तिला कामाला होईल. पण तो चालत नाय. भरलाय म्हणतो. तुमी बघाल का?"

मी रविवारी निघालो. पालघरहून मनोरच्या एसटीनं मासवणला उतरलो, तिथून चालत. वीस-पंचवीस मिनिटांची वाट. दोन्ही बाजूला कापलेली भातशेतं, मधे मधे ताड.

घराच्या ओटीवर टेबल टाकून कॉम्प्युटर ठेवला होता. भाऊ शेजारी बसला. मी चालू केला. डिस्क हजारची, दिसत होती नऊशे एकतीस. ती गोष्ट आता मला ठाऊक होती. दिसणाऱ्या फायली मोजल्या, पन्नासही भरेनात. मग त्यांनी शिकवलेली ती खिडकी उघडून 'लपवलेलं दाखवा' यावर खूण केली. एक फिकट फोल्डर उगवला. त्यावर नाव होतं, 'रविवार'. आत तारखांच्या फायली, दोनशेच्या वर.

"काय हाय त्यात?" भावानं विचारलं.

"बहुतेक गाणी. म्हाताऱ्या बायकांची."

"ते होय. त्याच्यासाठी फिरायची ती. पुसून टाका मग. जागा होईल."

मी आधी एक फाईल लावली. आधी कोंबड्यांचा आवाज, मग टीचरांचा. "आये, जेवलीस का?" आणि मग एक थरथरता, लांबून आल्यासारखा आवाज गायला लागला.

आतून भावजय आल्या. हाताला पीठ तसंच. दाराला टेकून उभ्या राहिल्या. गाणं तीन मिनिटांचं असेल. संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी आये हाय ती."

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिला. "तुझी आये गायची?"

"लग्नात गायची. तुमी कधी ऐकलंत?" त्यांनी मनगटानं डोळे पुसले. पीठ गालाला लागलं. "ताई तिच्याकडं जायची ते मला माहीत होतं. मला वाटायचं भेटायला जाते." मग मला म्हणाल्या, "भाऊ, ते पुसू नका."

मी पुसलं नाही. पुढच्या रविवारी दोन नव्या डिस्क घेऊन गेलो, दोन्हींवर सगळं उतरवलं, एक माझ्याकडे ठेवली, एक भावजयींना दिली, ती नीट चालते हे दोघांना ऐकवलं आणि मग त्यांना तोंडानं विचारून कॉम्प्युटर मोकळा केला. तो आता अंगणवाडीच्या कामाला चालतो. भावजयींनी त्यांच्या आईचं गाणं मोबाईलमध्ये घेतलंय. पाड्यावरच्या उरलेल्या म्हाताऱ्यांकडे त्या अधूनमधून जातात, असं त्यांनीच मला सांगितलं.

एक गोष्ट मला सुटत नव्हती. तीन मिनिटांच्या गाण्याची फाईल एवढी मोठी कशी? भावजयींच्या आईची तर दोन तासांची होती. खोलीवर आल्यावर मी ती परत लावली आणि गाणं संपल्यावर बंद न करता चालू ठेवली.

गाण्यानंतर गप्पा होत्या. कुणाची म्हैस, कुणाचं दुखणं. मग "येते मी" आणि चपलांचा आवाज. रेकॉर्डर पिशवीत तसाच चालू होता. मला वाटलं, बंद करायला विसरल्या. दुसरी फाईल लावली, तिसरी लावली. प्रत्येकीत तेच. दर रविवारी कशा विसरतील? हे माणूस वहीत लिहिल्याशिवाय एक बटण दाबत नव्हतं.

चालता चालता त्या बोलायच्या. मोठ्यानं नाही, शेजारून कुणी चालत असावं तसं. आज म्हातारीला खोकला जास्त होता. उद्या रंगाच्या कंपनीत जायचंय. पायाला काटा लागला. घरी गेल्यावर भात लावते, वरण सकाळचं हाय. कधी पंधरा मिनिटं काहीच नाही, नुसती पावलं. मी रोज संध्याकाळी कामावरून येऊन एकेक ऐकायला लागलो. माझा उल्लेख एका फाईलमध्ये आहे. "सर खिचडीच खातात अजून," एवढंच, आणि थोडं हसणं.

शेवटची फाईल मी बरेच दिवस ठेवून दिली होती. तापाच्या फोनच्या आधीचा रविवार. तीही मागच्या महिन्यात ऐकली. त्या दिवशी गाणं नव्हतंच. बराच वेळ शेंगा सोलल्याचा आवाज, दोन बायका गप्प बसलेल्या. मग निघणं, पावलं, नेहमीपेक्षा सावकाश. दोनदा थांबल्या. रस्त्याला लागल्यावर गाड्यांचे आवाज. थांब्यावर कितीतरी वेळ काहीच नाही. एकदा कुत्र्याला म्हणाल्या, "माझ्याकडं काय नाय रे आज." मग एसटी आली, दार उघडलं, पायऱ्या चढताना घेतलेला श्वास ऐकू आला.

कंडक्टरनं विचारलं, "कुठं?"

"पालघर."

"किती?"

"एक."

तिकीट फाटल्याचा आवाज आला. घंटीचे दोन ठोके पडले आणि गाडी निघाली. पुढची चाळीस मिनिटं इंजिनाचा आवाज आहे. त्या काही बोलत नाहीत.